बारावं नाव

"हर्ब, पुढच्या वर्षीपासून तुझा सुतारकामाचा वर्ग बंद," मुख्याध्यापिका मार्लीस म्हणाली. "निदान बारा मुलं लागतात. अकराच आली."

मी उडालोच. विस्कॉन्सिनच्या या शाळेत एकवीस वर्षं मी पोरांच्या हातात रंधा देतोय.

"एका नावासाठी वर्ग बंद?"

"नियम आहे. मी तरी काय करू?"

"पोरांना यायचं असतं गं! हे आईबापच नाट लावतात. कॉलेजवाले काय बघतात, कॉलेजवाले काय म्हणतील! आवड गेली खड्ड्यात, घ्या रसायनशास्त्र! लाज कशी वाटत नाही एकेकाला?"

 मार्लीसनं गठ्ठ्यातून विषय निवडायचा एक अर्ज काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"बारावं नाव आलं होतं."

पोरीनं ठसठशीत अक्षरात 'सुतारकाम' लिहिलं होतं. पालकानं ते खोडून शेजारी 'रसायनशास्त्र' लिहिलं होतं आणि खाली सही ठोकली होती. खोडल्याची रेघ लाल आणि जाड होती, सुतार वापरतात त्या चपट्या पेन्सिलीची.

माझा हात आपसूक कानामागे गेला. पेन्सिल तिथंच होती.

"तुझी इंग्रिड मघाशी येऊन गेली," मार्लीस हळू आवाजात म्हणाली. "हा अर्ज बाबांना दाखवू नका, त्यांना फार लागेल, म्हणून विनवत होती."