दुनळी

नेमबाजीच्या खेळात मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायला अजितने सहा दुकानं पालथी घालून एक बंदूक घरी आणली. शेजारी-शेजारी दोन नळ्या, जाड पोलाद, जन्मभर टिकेल अशी दुनळी. परवाना होता, पण काळाचौकीच्या चाळीत बंदूक म्हणजे लोक काय म्हणतील, या धास्तीने त्याने फक्त बायकोला, रश्मीला सांगितलं. रश्मीने ते फोनवर आईला सांगितलं, तेही सार्वजनिक नळावर उभं राहून.

संध्याकाळी अख्खा मजला दारात. पुढे शेजारच्या रमाबाई, कमरेवर हात ठेवून.

"अजित, दुनळी आणलीस म्हणे. चाळीत राहून असले धंदे?"

अजितला घाम फुटला. "काकी, सगळं कायदेशीर आहे. कोणाला त्रास होणार नाही."

"त्रास कसा नाही? आम्ही काय रांगेत उभं राहून मरायचं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "कमिटीला बोलवा." तेव्हा अजितने बंदुकीची पेटी आणून सगळ्यांसमोर उघडून दाखवली.



रमाबाईंनी निरखून पाहिलं आणि हुश्श केलं. "बंदूक होय. आम्हाला वाटलं, घरात पाण्याचे दोन नळ घेतलेस."