मागे फुटणारा बर्फ

“पळ, पळ! घरापासून पळायलाच तर जातोस,” बायको म्हणाली. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं. दार आपटून निघालो.

भांडण झालं की मी जुन्या कालव्याच्या काठानं लांबवर पळतो. पूर्वी इथून माणसं खांद्यावर दोर घेऊन होड्या ओढायची. पुलांच्या दगडांवर त्या दोरांनी घासून पडलेले चर अजून आहेत.

कालवा गोठला होता. पहिल्या पुलानंतर माझा खांदा जड झाला. दुसऱ्यानंतर त्याला काहीतरी काचू लागलं. मागे बर्फ कडाकड फुटत होता. मी थांबलो की आवाजही थांबायचा.

शेवटी वळून पाहिलं.

होडीच्या रुंदीएवढा बर्फाचा पट्टा फुटत फुटत माझ्यापर्यंत आला होता. होडी मात्र नव्हती.

“थांबलास का?” रिकाम्या पाण्यावरून बायकोचा आवाज आला. “ओढ की!”