नसरुद्दीनच्या हातची चव

“उद्या दुपारी येतेय ती. इथं, आपल्या खोलीत!” नसरुद्दीननं टोपी खुंटीला अडकवली आणि मटकन खाली बसला. “टाको करताना बघायचाय म्हणे.”

जैतून कांदा चिरता चिरता थांबली. “कोण, मडम? मग दाखवा की करून.”

“मी? मला दूध तापवता येत नाय, तुला ठावं आहे.”

त्रेसष्ट सालच्या दोहात मडमकडे स्वयंपाकी म्हणून नाव कमावलेल्या माणसाची ही गत होती. आधी तो गोदामात गोण्या उचलायचा आणि दाटीवाटीच्या खोलीत रत्नागिरीकडच्या पोरांबरोबर राहायचा. तेल कंपनीच्या बार्लोसाहेबाच्या मडमला कुक हवाय आणि कुकला बायकोसह राहायला वेगळी खोली मिळते, एवढं कानावर आलं, तसा हा छाती पुढं काढून ‘मी कुक’ म्हणाला. जैतून बोटीतून उतरली त्याच आठवड्यात तो बंगल्यावर रुजू झाला. बंगल्यात मसाल्याचा वास नको, घरून करून आणतो, असं त्यानं मडमला सांगितलं. नवल म्हणजे ती लगेच हो म्हणाली. डबा मागच्या दारानं आणायचा आणि साहेबाची गाडी यायच्या आत निघून जायचं, एवढीच तिची अट होती. मोठ्या लोकांना जेवताना नोकराचं तोंड बघवत नसेल, असं म्हणून नसरुद्दीननं ते सोडून दिलं.

टाकोची गोष्टही तशीच. मडम मूळची टेक्सासची. आमच्याकडे मक्याची पातळ भाकरी तळून दुमडतात आणि आत गाईच्या मटणाचा खिमा भरतात, असं ती एकदा सहज बोलली होती. जैतूननं टाको जन्मात पाहिला नव्हता. तिनं बाजारातून मक्याचं पीठ मागवलं, तांदळाच्या भाकरीसाठी काढतात तशी उकड काढली, खिम्यात जिरं आणि सुकी मिरची घातली. पहिला घास खाऊन मडमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तेव्हापासून दर आठवड्याला टाको ठरलेला आणि ‘नसरुद्दीनच्या हाताला चव आहे’ हेही ठरलेलं.

“तिला संशय आलाय,” नसरुद्दीन म्हणाला. “नायतर साहेबाची बायको या नजमा मोहल्ल्यात कशाला पाय ठेवेल? पकडायलाच येतेय. नोकरी खलास, खोली खलास.”

खोली गेली की जैतूनला परत दाभोळला जावं लागणार होतं. दिराच्या घरात, नवऱ्याविना. ती वर्षं कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. तिला ती पुन्हा नको होती, अगदी मनापासून नको होती.

तिनं कांद्याचे हात धुतले. “ड्रायव्हर असेल ना बरोबर, तो रहमान?”

“असणारच.”

“मग मी पडद्याआडच बसणार. त्यात कुणाला नवल वाटायचं नाय. मी फटीतून तवा बघेन. बांगड्या एकदा वाजल्या की भाकरी परता, दोनदा वाजल्या की उतरवा. तुम्ही नुसते हात हलवा.”

दुसऱ्या दिवशी मडम आली. रहमान दाराशी उकिडवा बसला. नसरुद्दीननं शेजारून मागून आणलेली खुर्ची मडमनं बाजूला सारली आणि ती सरळ पाटावर बसली, तव्यासमोर.

खिमा निभावला. जैतूननं तो आधीच अर्धा शिजवून ठेवला होता. मग नसरुद्दीननं भाकरी थापायला घेतली. मडमची नजर तव्यावर नव्हती, त्याच्या हातांवर होती. तिची स्वतःची बोटंही मांडीवर हळूहळू हलत होती. गुन्हा पकडणारा माणूस असाच टक लावून बघत असेल, असं वाटून नसरुद्दीनला घाम फुटला.

बांगड्या एकदा वाजल्या. त्यानं भाकरी परतली. पण तेवढ्यात आत जैतूनची ओढणी डोक्यावरून घसरली, ती सावरताना बांगड्या दोनदा वाजल्या आणि नसरुद्दीननं कच्चीच भाकरी उतरवली. ती ताटलीत ओल्या फडक्यासारखी पसरली. रहमान फिसकन हसला.

मडम हसली नाही. “फिर से,” ती म्हणाली. कराचीत काही वर्षं काढल्यानं तिला मोडकंतोडकं हिंदुस्तानी येत होतं. “धीरे करो. एकदम धीरे.”

तो पुन्हा बसला. भाकरी भाजली, तळली, दुमडली. खिमा भरला, वर कांदा, टोमॅटो. मडमनं चावा घेतला आणि मान डोलावली. नसरुद्दीनच्या जिवात जीव आला. आता उठेल, शुक्रिया म्हणेल आणि जाईल, एवढीच तो अल्लाकडे मागणी करत होता.

मडम उठली खरी, पण पडद्याकडे वळून. “औरत अंदर है?”

“जी. पडद्यात असते.”

“परदा आदमी से होता है,” मडम म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

पडदा रहमानसाठी होता, मडमसाठी नव्हता. एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. नसरुद्दीन झारा हातात धरून तसाच राहिला. कढईतलं तेल धुरकटलं तरी त्याला कळलं नाही. आत जैतूननं एक हुंदका दिला तेवढा त्याला ऐकू आला.

“रोना नहीं,” मडम म्हणाली. मग तिनं आवाज इतका उतरवला, की दाराशी बसलेल्या रहमानला काही कळू नये. “चूड़ी का आवाज हम सुना, पकाता तुम है. हमको सिखाओ. जुम्मे को साब का माँ आता है, बोलता है सामने बनाओ. दो साल से साब समझता है, ये खाना हम पकाता है.”