खिडकीच्या गजांआडून

"मॅडम, बॅटरी फुगलीये. हा फोन आता कुणाच्या हातात देऊ नका. या मॉडेलची बॅटरीही मिळत नाही. इथेच जमा करून टाका," दुरुस्तीवाला म्हणाला आणि मागचं उचकटलेलं झाकण त्याने नखाने दाखवलं.

तिने ते कानाआड केलं. जमा करा म्हणे! म्हणजे हा आतले भाग काढून विकायला मोकळा. फोन चालत होता, फोटो निघत होते. दुसऱ्याच दिवशी तो तिने लेकीला, छकुलीला, दिवसभर आपल्या घरी सांभाळणाऱ्या मावशींना देऊन टाकला. "रोज दोन-चार फोटो पाठवत जा हं मावशी. नाहीतर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

तशी काळजीच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. नोकरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. दिवसभर परक्यांच्या पाण्यात जंतू शोधायचे आणि घरी येऊन नवऱ्याचे हात तपासायचे. स्वतःचा नवा फोन निवडायला तिने तीन आठवडे घेतले. तापतो का, डोळ्यांना त्रास होतो का, छकुलीने आपटला तर काच फुटेल का. "मला पसंत करताना एवढी चौकशी केली नव्हतीस," नवरा म्हणाला होता. मावशींचा फोन निवडायला मात्र तिला ड्रॉवर उघडण्याइतकाच वेळ लागला होता.

फोटो येऊ लागले. छकुली जेवताना, छकुली झोपेत, छकुली रुसलेली. पण प्रत्येक फोटोत मध्ये खिडकीचे गज.

"मावशी, जरा आत जाऊन जवळून काढा की! पोर तुरुंगात टाकल्यासारखी दिसते."

"अहो ताई, मला मेलीला कुठे जमतंय तुमच्यासारखं!" मावशी हसायच्या. गज काही हटले नाहीत.

मग एका मंगळवारी बारा वाजले तरी फोटो नाही. फोनही लागेना. पाण्याचे नमुने तसेच टेबलावर सोडून ती निघाली. मावशींचा जिना ती दोन-दोन पायऱ्या घेत चढली.

छकुली चटईवर बसून डबे बडवत होती. तिने तिला उचललं, हातापायांचं एकेक बोट चाचपलं, छातीशी धरलं. जळक्या प्लास्टिकचा वास तिला त्यानंतर आला. खिडकीबाहेर, गॅलरीत, एका पत्र्याच्या डब्यात कुंडीतली माती ओतली होती. मातीतून तिच्या जुन्या फोनचा काळा कोपरा वर आला होता.

"घाबरू नका. नुसता फुसफुसला आणि पेटलाच," मावशी म्हणाल्या. "पण आत कधी आणलाच नव्हता तो. ठेवायचा गॅलरीत, चार्जिंग गॅलरीत, फोटोही तिथूनच. पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीवाल्याला दाखवला होता ना मी. त्याने बघताक्षणी ओळखला."

"म्हणजे त्याने मला बजावलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग चार शब्द सुनावायचे मला! फोन तोंडावर फेकायचा!"

"आणि तुम्ही ओशाळला असता, त्याचं काय?" मावशी म्हणाल्या. "ओशाळलेलं माणूस तोंड चुकवतं, येणं सोडतं. मग मला छकुली कुठली दिसायला?"

तेव्हा कुठे तिचं लक्ष मावशींच्या उजव्या हाताकडे गेलं. दोन बोटं ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. येऊन दहा मिनिटं झाली होती आणि तिने मावशींना साधं काही विचारलंही नव्हतं. छकुलीला कडेवर घेऊन तिने तो हात नळाखाली धरला, बराच वेळ.

"फार दुखतंय का हो?"

"आता नाही," मावशी म्हणाल्या. "बरं वाटतंय."

तुमचाही एखादा जुना फोन असाच कुणाच्या तरी घरी गेला असेल. त्या माणसाची आज चौकशी करा. पण फोन लावू नका, तो उचलायला त्यांना तोच जुना फोन हातात धरावा लागेल. स्वतः जाऊन या.