सतरा नंबरची नळी

"पुन्हा पिवळा! डेस, लक्ष कुठे आहे तुझं?" फिओनाने चाचणीची प्लेट टेबलावर जवळजवळ आदळलीच.

ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेत चार वर्षं ती एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती. फुप्फुसाच्या कर्करोगात ते रक्तात वाढतं, आणि मग प्लेटमधला रसायनाचा थेंब पिवळा होतो. निरोगी माणसाचा थेंब पाण्यासारखाच राहतो. निरोगी रक्त प्रयोगशाळेतल्याच वीस जणांनी दिलं होतं, सकाळच्या चहाला एकेका लॅमिंग्टन केकच्या बदल्यात, हसतखेळत. नावं पाकिटात बंद होती, नळ्यांवर नुसते आकडे. एकोणीस थेंब स्वच्छ निघाले. सतरा नंबर मात्र पिवळाधमक.

"पिपेटचं टोक बदलायला विसरला असशील, आधीच्या रुग्णाचं रक्त मिसळलं. उद्या शोधनिबंध पाठवायचाय मला. सतरा नंबर वगळून टाकते, नमुना खराब होता म्हणायचं."

"थांब जरा, बाईसाहेब. तिसऱ्यांदा करतो," डेस म्हणाला. तीस वर्षं हेच काम केलेला तंत्रज्ञ, त्याने नवी प्लेट पुढ्यात ओढली.

दुपारी प्लेट तयार झाली. सतरा पिवळाच.

आता मात्र फिओनाला हात चुकल्याचं म्हणता येईना. हा कुणाचा तरी जीव होता, आणि ती तो वगळायला निघाली होती. तिने पाकीट फाडलं.

सतरा : डेस पोलार्ड.

तिने मान वर केली. डेस शांतपणे हातमोजे उतरवत होता.

"तुला माहीत होतं?"

"रक्त दिलं तेव्हाच आकडा दिसला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, खरंच हात चुकला असेल. चुकलेला बरा."

"डेस, ऐक. नवी चाचणी आहे, तीही चुकू शकते."

"चार वर्षं तर उलटंच सांगत आलीस."

सगळी मेहनत मातीत जावी, चाचणी साफ खोटी ठरावी, असं फिओनाला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर काय सांगितलं असतंस?" डेसने विचारलं.

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा म्हणून."

"मग गाडी तू चालव," म्हणत त्याने किल्ली पुढे केली.