सोबतीचा माणूस

विम्यावाली योगेश्वरी दवनीवाड्याला आली, तेव्हा पुरनलालनं तिच्यासाठी छपरीत खाट टाकली. म्हातारा असा, की आरोग्य विम्याच्या फॉर्ममधलं एकेक कलम तिला मोठ्यानं वाचायला लावी आणि लगेच खोडायला सांगे.

"बाळंतपणाचा खर्च? काढ तो. बुढी जाऊन सात वर्सं झाली."

"काढता नाही येत, काकाजी. सरकारी योजनेचा नियम आहे, तिच्यातल्या सगळ्याच विम्यात द्याच लागते."

"अन् लेकरायच्या लसी? आमाले लेकरू झालंच नाही. कायले गळ्यात मारून राहिली?"

"तोही नियमच जी."

"मंग मले इचारतेस कायले? भर तुह्या मनानं!" पुरनलाल तोंड फिरवून बसला.

योगेश्वरीनं शेवटचं कलम भराभर वाचलं, "दवाखान्यात भरती झाल्यावर सोबतीच्या एका माणसाचा पलंग आणि दोन वेळचं जेवण." मग भीतभीतच म्हणाली, "हेही काढता येत नाही, काकाजी."

"नोको काढू." म्हातारा वळला. आवाज एकदम खाली आला होता. "पोरी, तो सोबतीचा माणूसबी सरकारच पाठवते का?"