मेंदीखालची हद्द

"ही बघा, मेंदी परत आत सरकली!" आबासाहेबांनी मोगऱ्याच्या वाफ्यात काठी आपटली. "कुंपणच शेत खाऊ लागलंय!"

गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम असलेल्या आबासाहेबांचं घर होटगी रस्त्याला होतं. ओसरीवरून उतरलं की शेंदूर फासलेला म्हसोबा, मग विहीर, मग मोगरा आणि शेवटी मेंदीचं कुंपण. पलीकडं गुरुलिंग राहायचा. त्याच्या बाजूची मेंदी नेहमी सरळ कापलेली असे. आबासाहेबांना त्यातही लबाडी दिसे.

"त्यो चोरून रोपं हलवतोय!"

"त्यो कापतो, तुमी कात्रीला हात लावत न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "मग आपल्याकडंच फोफावणार की."

बायकोनंही शेजाऱ्याची बाजू घ्यावी! आबासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेंदी उपटायची, सरकारी मोजणी करायची आणि खऱ्या हद्दीवर शेराच्या झुडपांचं कुंपण लावायचं, असं त्यांनी ठरवलं. शेराचा चीक डोळ्यात गेला की चोर जन्मात हात लावत नाही.

गुरुलिंग हात जोडत आला. "अण्णा, मेंदी तुमच्या वडलांनीच लावली. राहू द्या की. तुमची बाजूबी मी कापून देतो."

"भ्यालास व्हय रं?"

"न्हाय. समदं बरं चाललंय. देवालाबी तरास नको."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आबासाहेबांनी सगळ्यांदेखत म्हसोबापुढं नारळ फोडला. "ह्येच्या साक्षीनं सांगतो. हद्दीचा दगड निघंल तितनं पलीकडचं समदं गुरुलिंगचं, अलीकडचं माजं. मग रडायचं न्हाय!"

मोजणीदार महिपती आला तेव्हा गडी मेंदी उपटून मोकळे झाले होते. फुली कोरलेला सरकारी दगड मुळांखालीच असणार, अशी आबासाहेबांची खात्री होती. खणून खणून दगड काही सापडला नाही.

"त्यानंच पळवला!" आबासाहेब ओरडले.

महिपतीनं गुरुलिंगच्या पलीकडच्या कोपऱ्यातून साखळी धरली. मेंदीच्या खड्ड्यापाशी तो थांबला नाही. मोगरा ओलांडून तो पुढं निघाला.

"अवो, कुटं निघालात?"

महिपती विहिरीलाही वळसा घालून गेला. शेवटी तो वाकला, पायताण काढलं, हात जोडले आणि चाकूनं म्हसोबाचा शेंदूर हलकेच खरवडला.

जाड खपली गळून पडली. खाली छिन्नीनं कोरलेली फुली होती.